उसनी चुळबूळ

जखम रत्नप्रभेची होती. दुखायची मात्र चारूला.

कणशांच्या घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की सकाळी दुकानाला निघताना जयवंत चपला घालता घालता ओसरीवरूनच विचारायचा, "चारू, दुखतंय का गं हिला?" आणि ही, म्हणजे त्याची बायको, तिथंच हाताच्या अंतरावर चाकाच्या खुर्चीत बसलेली असायची, ओठांत टाचण्या धरून, कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही जोडत. आत चारू भाकरी थापता थापता थांबायची, मान किंचित कलती करून आतलं काहीतरी ऐकल्यासारखं करायची आणि सांगायची, "नाही दादा. मघाशी जरा ठणकलं. आता गप आहे."

"मग बरं," म्हणून जयवंत निघायचा.

रत्नप्रभा टाचण्या चावायची.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी दुखणंच नव्हतं, आणि तेच खरं दुखणं होतं.

टाळेबंदीच्या आदल्या उन्हाळ्यात रत्नप्रभा गच्चीवरून पडली. कुरडया घालायला गेली होती. गच्चीला कठडा नव्हता. पुढच्या दिवाळीला बांधू, असं सासरे दर दिवाळीला म्हणत. हातात सोऱ्या, पाठमोरी एकेक पाऊल मागं सरकत ती ओळी घालत होती, आणि एक पाऊल जास्तीचं मागं गेलं. त्या दुपारी कमरेखालचं सगळं गेलं. तिच्या बुडाने या जगात शेवटचं काय जाणलं, तर तापलेल्या फरशीचा चटका. पडायच्या जरा आधी ती दम खायला खाली टेकली होती आणि साडीतून असा चटका बसला, की "अगं आई" करत उठली होती. पुढं कितीतरी वर्षं तिला तो चटका आठवायचा. माणसाला माहेरचा शेवटचा उन्हाळा आठवावा, तसा.

रडून झालं, नवस झाले, मालिश झाली. मग जयवंतने, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, शिलाई मशीनला कोपराने दाबायचा दांडा बसवून दिला. तेव्हापासून कऱ्हाडात कुणाचं लग्न निघालं, की नवरीचा ब्लाऊज रत्नाच्या हातचा, असं ठरूनच गेलं. काळ बदलला. जयवंत पाण्याच्या मोटारी सोडून उसावर औषध फवारणाऱ्या ड्रोनच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. मापं घ्यायला यंत्रं आली, कापायला यंत्रं आली. पण खांद्यावर नेमकी बसणारी बाही यंत्राला काही साधली नाही. रत्नप्रभा दिवसभर बसून शिवायची. बसणं हा तिचा धंदा होता, आणि बसणं हाच तिचा वैरी.

बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, तिला नवा नव्हता. पहिला झाला तेव्हा सासूबाईंनी कुणीतरी सांगितलं म्हणून हवेची रबरी चकती आणली; तिने आजूबाजूचंच रक्त आवळलं जातं, हे पुढं कळलं. स्पिरिट चोळून झालं, पावडर लावून झाली, खोबरेल तेल जिरवून झालं. सासूबाई रोज संध्याकाळी दिवा लावला, की हातआरसा घेऊन यायच्या, हिला कुशीवर वळवायच्या आणि आरसा मागं धरून म्हणायच्या, "बघ गं बाई, तूच बघ." लाल डाग दिसला, की दोन दिवस पालथं. सासूबाई होत्या तोवर मोठं असं काही झालं नाही. त्या गेल्या, आणि एका लग्नसराईत उजव्या बाजूच्या बसण्याच्या हाडावर जे फुटलं, ते भरायचं नाव घेईना. वरून कवडीएवढं आणि आत लिंबाएवढं पोकळ. खपली धरायची, पुन्हा पाझरायची. वास येऊ नये म्हणून रत्नप्रभा गिऱ्हाईक आलं, की उदबत्ती लावायला लागली.

तेव्हा मिरजेच्या वाटेवरच्या पुनर्वसन केंद्रात डॉक्टर नसरीन मुजावर भेटल्या. त्यांनी जयवंतलाच आधी विचारलं, "तुम्ही या खुर्चीत बसल्यापासून किती वेळा हललात, सांगाल?"

"मी? मी कुठं हललो?"

"पायावर पाय टाकलात, काढलात. डावीकडून उजवीकडं रेललात. आता हे बोलताना परत सरकलात." डॉक्टर हसल्या. "सगळेच करतात. हाडाखाली कातडं दाबलं गेलं, की तिथलं रक्त थांबतं, प्राणवायू संपत येतो. तिथल्या नसा मेंदूला कळवतात, आणि मेंदू तुम्हाला न विचारताच कंबर सरकवतो. झोपेतसुद्धा. शाळेत चुळबूळ केली म्हणून आपण मार खातो ना? तीच चुळबूळ आपलं कातडं जिवंत ठेवते. रत्नाताईंची कळवणारी तारच तुटलीय."

"मग गजर लावायचा."

"लावून झाले. माणूस गजर बंद करतो. ठरावीक वेळाने हलणाऱ्या गाद्या झाल्या. पण अंग म्हणजे घड्याळ नव्हे. ऊन असलं, ताप असला, पोटभर जेवण झालेलं असलं, की त्याची गरज बदलते. हे गणित अजून यंत्राला नीट येत नाही. पण कुठल्याही धडधाकट बुडाला येतं."

उपाय असा होता: रत्नप्रभेच्या कातड्यावर कांद्याच्या सालीसारखा एक पातळ पापुद्रा बसवायचा. त्यात मुंगीच्या डोळ्याएवढे हजारो ठिपके. दाब, ऊब, ओल आणि रक्तातला प्राणवायू टिपणारे. घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या अंगावर त्याच जागी पट्टी लावायची. पापुद्र्याला कळेल ते ती पट्टी त्या माणसाच्या नसांना जाणवून देणार. तो आपसूक चुळबुळणार, आणि त्याची चुळबूळ उलट रत्नप्रभेच्या खुर्चीतल्या गादीकडं येणार. गादीतले हवेचे कप्पे मग तिला तितकंच आणि तसंच हलवणार. यातलं काहीही साठवून ठेवायचं नाही, असा नियम होता. कुणाच्या अंगाची गुपितं यंत्रात राहू नयेत म्हणून.

"म्हणजे चुळबूळ उसनी आणायची," जयवंत म्हणाला.

"मग ती पट्टी मलाच लावा ना," रत्नप्रभा म्हणाली. "जिथं मला कळतं तिथं. खांद्यावर."

"लावून पाहिलीय आम्ही. खांद्यावर दुखलं, की माणूस खांदा हलवतो, कंबर नाही. मेंदूला ही नवी बोली शिकवायला कितीतरी महिने जातात, आणि बरेच जण कंटाळून सोडतात. तुमची जखम हाडाजवळ पोचलीय. तिला तेवढी सवड नाही."

"आणि नाहीच भरली तर?"

"तर हाड घासून, मांडीचं मांस फिरवून शिवावं लागेल. त्यानंतर तुम्हाला बसता येईलच, असं मी म्हणणार नाही."

पट्टी जयवंतच लावणार, हे रत्नप्रभेने मनाशी धरलं होतं. आपलं दुखणं त्याच्या अंगात जाणार, या विचाराने ती कितीतरी वर्षांनी लाजली होती. पण तपासणीत जयवंतला टाचणी टोचलेली कळेना. मधुमेहाने त्याच्या नसा बोथट करून टाकल्या होत्या. धाकटा दीर अजित साखर कारखान्यात पाळीवर. मग बरोबर डबा घेऊन आलेली अजितची बायको पुढं झाली. चारू. भरल्या अंगाची, बोलघेवडी, रत्नप्रभेहून बरीच लहान.

"त्यात काय अक्का," ती म्हणाली, "माझं नुसतं बसूनच असतं. वापरा."

सगळे हसले. रत्नप्रभाही हसली.

आधी तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. चारू ओट्याशी उभी असली, तरी मधूनच भार या पायावरून त्या पायावर घ्यायची, आणि इकडं खुर्चीतली गादी फुस्स करून हलायची. जखमेत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस धरायला लागलं. डॉक्टरांनी चारूची पाठ थोपटली. आणि एका दुपारी, घरात दोघीच असताना, रत्नप्रभेला विचारल्यावाचून राहवेना.

"कसं असतं गं?"

"काय?"

"माझं."

चारूने लसूण सोलणं थांबवलं. "सकाळी बोथट असतं. जड. न्हाणीच्या दगडावर फार वेळ बसल्यावर होतं ना, तसं. तुम्ही शिवायला लागलात, की मुंग्या. आणि पुढं वाकून सुई ओवता ना, तेव्हा एक कळ जाते. इथून... हितवर." तिने स्वतःच्या कमरेखाली बोट ओढून दाखवलं.

रत्नप्रभा त्या बोटाकडं बघत राहिली. मी सुई ओवते तेव्हा कळ जाते! इतकी वर्षं सुई ओवतेय, आणि मलाच ठाऊक नाही. आपल्या माहेरच्या घरात दुसरं बिऱ्हाड राहायला यावं आणि आपण रस्त्यात उभं राहून त्यांना विचारावं, 'परसात लिंबाचं झाड अजून आहे का हो?' तसं तिला झालं.

त्या दिवसापासून तिच्या मनात काहीतरी सलायला लागलं. शेजारच्या पवारकाकू यायच्या, त्या आधी चारूजवळ बसायच्या. "जप गं बाई, दोघींचं ओझं तुझ्यावर." चारूने कळ येऊन ओठ आवळला, की जयवंत लगबगीने स्टूल सरकवायचा, "बस, बस जरा." जखम भरायला म्हणून त्याने अंडी आणि पनीर आणलं, तर तेही दोघींना सारखं. हळूहळू चारू 'आम्हाला' म्हणायला लागली. "आज आम्हाला बरं आहे." "काल आम्हाला जरा जड गेलं." जावा-जावा उभा दावा, असं जुनी माणसं म्हणत, ते चूल आणि दागिन्यांवरून. या दोघींचा दावा वीतभर कातड्यावरून होता, आणि त्यातल्या एकीला तो लागलाय, हे दुसरीला ठाऊकही नव्हतं. निदान रत्नप्रभेला तसं वाटत होतं.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं. पाळण्यात गौर बसली, आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं. बायका जमल्या, आणि जमल्या त्या सगळ्या चारूभोवती. पट्टीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती.

"झोपेतपण कळतं?" एकीने विचारलं.

"न कळायला काय झालं! दचकून उठते मी."

"अगं बाई! आणि यजमान काय म्हणतात?"

हशा पिकला. चारूला चेव आला. "आता खरं सांगू का? अक्कांना कुठं काय होतंय, ते अक्कांपेक्षा मला जास्त ठाऊक!"

बायका पुन्हा हसल्या आणि एकदम सगळ्यांनी रत्नप्रभेकडं पाहिलं, ती पण हसतेय ना, हे बघायला. ती हसत होती. तिच्या मांडीवर बटणांची ताटली होती. नवरदेवाच्या कोटाची मोठी बटणं ती जुळवत होती. तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटून अंग उचललं, केंद्रात शिकवल्याप्रमाणे ती अधूनमधून उचलायचीच, आणि खाली बसताना एक हात सोडून एक बटण डाव्या अंगाखाली सरकवलं. जखम उजवीकडं होती. डावी बाजू धड होती. तिथं काय बिघडणार?

"आई गं!" चारू जागची उडाली. हातातलं पन्हं पवारकाकूंच्या पदरावर सांडलं. ती कमरेवर हात दाबून उभी राहिली, इकडून तिकडं सरकली, पण कळ काही जाईना. इकडं गादी फुस्स फुस्स करत राहिली आणि बटण तिथंच.

"काय झालं गं चारू?" रत्नप्रभेने विचारलं. इतका गोड आवाज तिचा तिलाच कधी ऐकू आला नव्हता.

एकदा केलं असतं तर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण चारू 'आम्हाला' म्हणाली, की बटण. जयवंतने स्टूल सरकवलं, की बटण. कधी अर्धा तास, कधी शिवण संपेपर्यंत. चारू भाकरी टाकताना मध्येच डोळे मिटून तव्याशी उभी राहायची, आणि मशीनवर रत्नप्रभेचा हात असा सुरेख चालायचा! तिला स्वतःला काहीच कळत नव्हतं, हीच तर त्यातली सोय होती. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापणारा माणूस निदान नाक कापल्यावर ओरडतो तरी. हिला तेही नव्हतं.

मलमपट्टी चारूच करायची. एका सकाळी तिचा हात थांबला.

"अक्का, डावीकडं काळंनिळं पडलंय."

"कशानं?"

चारूने त्या डागाची गोल कड बोटाने चाचपली. "कशानं, काय माहीत," म्हणाली आणि कापूस उचलला.

केंद्राच्या चालक नसलेल्या व्हॅनने त्यांना तिकडं नेलं. डॉक्टर नसरीननी डाव्या बाजूवर यंत्र फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वरून डाग दिसतोय. आतलं मांस मेलंय. चार-आठ दिवसांत फुटेल. आता दोन्ही बाजू गेल्या, रत्नाताई. खुर्ची बंद. पूर्ण पालथं झोपायचं."

"किती दिवस?"

"महिने म्हणा. आणि तरी भरलं नाही, तर शस्त्रक्रिया, त्यात दोन्हीकडची. मग बसण्याचं विसरावं लागेल." त्या चष्मा काढून जयवंतकडं वळल्या. "मला कळत नाही. गादी ठीक आहे, पापुद्रा ठीक आहे. मग राहिलं काय? चारूताई, पट्टी मधूनमधून काढून ठेवत होता का? खरं सांगा, मी रागावणार नाही. बरेच जण काढतात. दुसऱ्याचं दुखणं दिवसभर वागवायचं म्हणजे..."



"चारू?" जयवंतचा आवाज चढला. "अगं तोंड उघड. तिचं बसणं गेलं ना! बसणंच गेलं तर राहिलं काय तिच्याजवळ?"

खोटं वाटेल, पण त्या क्षणी रत्नप्रभेला वाईट वाटलं नाही. रखरखीत उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं, तसा छातीत गारवा पसरला. जयवंत चारूवर ओरडत होता. रत्नप्रभेसाठी ओरडत होता. मग तिचं लक्ष चारूकडं गेलं. चारू तिच्याकडंच बघत होती. विनवणी नव्हती, राग नव्हता. नुसती वाट बघत होती.

हिला ठाऊक आहे, रत्नप्रभेच्या मनात आलं, आणि तिने खिडकीकडं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगावर पालथी पडली होती, हनुवटी उशीच्या काठावर आणि नजर खाली फरशीवर. पालथ्या माणसाला माणसांचे पायच दिसतात. मशीनवर चादर टाकलेली होती. चारूचे पाय आले. जोडव्यांवरून तिने ओळखले. मागं कापसाचा बोळा फिरत असावा, औषधाचा वास आला.

"चार भोकांचं होतं," चारू म्हणाली.

"काय?"

"बटण. कोटाचं. कडेला जरासं उडालेलं. दुसऱ्या वेळी ठेवलंत तेव्हा उपडं ठेवलंत. परवा दोन ठेवली होतीत."

रत्नप्रभेला फरशीचे ठिपके नाचल्यासारखे दिसले. ती म्हणाली, "मग काल बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझी जाऊ स्वतःच्या अंगाखाली बटण ठेवून मला टोचते? त्या डॉक्टरणीने माझंच डोकं तपासलं असतं." पाय एकावर एक आले. "आणि मला वाटलं, तुम्ही बोलाल."

माणसाच्या तोंडाकडं बघून जे बोलता येत नाही, ते फरशीकडं बघून बोलता येतं. "मला हेवा वाटला," रत्नप्रभा म्हणाली. "तुला माझं सगळं कळतं. मला काहीच नाही. हे पण तुला विचारतात. मी म्हणजे नुसतं गाठोडं, तू त्यावरची चिठ्ठी."

चारू हसली. बरं हसणं नव्हतं ते. "तुम्हाला माझा हेवा? अक्का, मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात एकच प्रश्न ऐकतेय, रत्नाचं कसं आहे. माझ्या पोरीच्या वेळी टाके पिकले, ताप चढला, तर सासूबाई तुमच्यामागं आरसा धरून बसलेल्या. दाढ ठणकायची माझी, गाल सुजायचा. लवंग दाताखाली धरून मी भाकऱ्या थापल्यात तुमच्या. 'दुखतंय का गं' असं मला कुणी म्हणून विचारलं नाही. माझा नवरापण नाही. पट्टी लावली आणि विचारायला लागले." ती थांबली. "तुमचंच विचारत होते, माहीत आहे मला. पण माझ्याकडं बघून विचारत होते ना. म्हणून सोडवेना. बटण टोचलं तरी पट्टी काढवेना."

रत्नप्रभेने हात मागं केला. पालथं पडून हात कुठवर पोचणार! चारूच्या साडीच्या निऱ्या तेवढ्या हाताला लागल्या. तिने त्या धरून ठेवल्या.

"सोडा. औषध सांडेल," चारू म्हणाली, पण सरकली नाही.

संध्याकाळी जयवंतच्या वहाणा आल्या. रत्नप्रभेने फरशीकडं बघतच त्याला सगळं सांगितलं. वहाणा दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"आता मी चारूला काय तोंड दाखवू?" तो शेवटी म्हणाला.

"तोंड नका दाखवू. तिची दाढ कशी आहे, ते विचारा."

"दाढ? कसली दाढ?"

"तेच म्हणतेय मी."

केंद्रातही, स्ट्रेचरवर पालथी पडून, तिनेच सांगितलं. डॉक्टर नसरीन आधी चिडल्या, नको तेवढं बोलल्या, मग चारूची माफी मागितली. पट्टी चारूने तिथंच काढून टेबलावर ठेवली. दुसरं माणूस शोधावं लागेल, असं डॉक्टर म्हणत होत्या, तोच रत्नप्रभा म्हणाली, "मला लावा. खांद्यावर."

"तुम्हाला सांगितलं होतं ना, शिकायला कितीतरी महिने—"

"कितीतरी महिने मी पालथीच पडणार आहे. आता जखमेला सवड आहे. आणि मला तर काय, सवडच सवड."

डॉक्टरांनी टेबलावरची पट्टी उचलली. "लोक का सोडतात ठाऊक आहे? खांद्यावर काहीतरी होतं, पण त्याचा अर्थ कळत नाही. शिकवणार कोण? तिथलं कुणालाच काही माहीत नसतं."

"हिला आहे," रत्नप्रभा म्हणाली.

अशी ती शिकवणी सुरू झाली. मलमपट्टीच्या वेळी चारू हलक्या बोटाने जखमेच्या आजूबाजूला दाबायची. "आता?"

"खांद्यावर गार वाटलं."

"गार नाही. ओलं आहे. बोळा फिरवतेय मी. आता?"

"मुंग्या."

"डाव्या का उजव्या?"

"खांदा एकच आहे बाई माझा पट्टीचा!"

"खांद्याचं विचारत नाही. मुंग्या वर आहेत का खाली?"

"वर."

"मग उजव्या. वर म्हणजे उजवं, खाली म्हणजे डावं. परवाच सांगितलं."

"मारकुटी मास्तरीण आहेस तू."

"आणि तुम्ही ढ."

कधी चारू आपल्या अंगावरची आठवण काढून सांगायची, ही बोथट म्हणजे अजून वेळ आहे. मुंग्या म्हणजे रक्त अडायला लागलंय. आणि ती लांबलचक कळ आली, की तिला मुळीच थांबवून धरायचं नाही. त्या भागातली बोली घरात तिला एकटीलाच येत होती. रत्नप्रभा वेंधळ्यासारखी खांदे उडवत राहायची. पुष्कळदा रडकुंडीला आली. पट्टी ओरबाडून फेकायला दोनदा हात गेला, आणि दोन्ही वेळा चारू म्हणाली, "फेका. मी लावते परत मला." एवढं म्हटलं, की पट्टी जागच्या जागी राहायची. हेवा असाही कामाला येतो.

पावसाळा सरला. उजवी बाजू मिटली. डावीचं तोंड आकसून शेंगदाण्याएवढं झालं. डॉक्टरांनी थोडा थोडा वेळ बसायची परवानगी दिली. मशीनवरची चादर निघाली. गिऱ्हाइकं रांगेत होतीच. रत्नप्रभा एका बाहीचा घेर नीट बसेना, म्हणून त्यात डोकं घालून बसली होती. समोर चारू मेथी निवडत होती. आणि चारूने पाहिलं, की बाहीवरची नजर न काढता रत्नप्रभेचे दोन्ही तळवे दांड्यांवर टेकले, अंग जरासं उचललं गेलं, डावीकडून उजवीकडं गेलं आणि टेकलं. पुन्हा हात बाहीवर.

"अक्का!"

"काय गं? घेर चुकलाय हिचा."

"तुम्ही आत्ता काय केलंत?"

"मी? मी कुठं काय केलं?"

चारूच्या हातातली मेथी तशीच राहिली. "चुळबुळलात तुम्ही! अहो, तुम्ही चुळबुळलात!"

रत्नप्रभेने आपल्या तळव्यांकडं पाहिलं. तिने काही केलं नव्हतं. झालं होतं. लहान मूल वर्गात बाकावर करतं, तसं न विचारता झालं होतं. तिला एकदम इतकं हसू आलं, की टाचण्या ओठांतून सांडल्या, आणि मग दोघी जणी खाली वाकून चाकांतल्या टाचण्या गोळा करत राहिल्या. चारूचे डोळे भरून आले होते, ते मेथीच्या मातीने, असं ती म्हणाली.

त्यानंतर चारूला काही काम उरलं नाही. मलमपट्टीही दोन दिवसांआड. पण रोज दुपारी ती रत्नप्रभेजवळ येऊन बसायची आणि काही ना काही निमित्ताने विचारायची, "आज काय म्हणतंय?" रत्नप्रभा सांगायची, मुंग्या, जडपणा, काही नाही. चारू मान डोलवायची. ऐकताना तिचा हात आपोआप स्वतःच्या कमरेखाली जायचा आणि तिथं काहीच नाही, हे कळून परत यायचा.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. फराळाचा घाणा काढून दोघी ओसरीवर टेकल्या होत्या. रत्नप्रभा खांदा सारखा वरखाली करत होती.

"कळ आहे?" चारूने विचारलं.

"नाही."

"मुंग्या?"

"नाही गं. हे वेगळंच आहे. चावल्यासारखं, पण चावत नाही. सोसवत नाही आणि थांबू नये असंही वाटतं." ती विचार करत राहिली आणि मग तिला शब्द सापडला. "खाज! चारू, खाजतंय!"

भरत आलेली जखम खाजते, हे कुणाला सांगावं लागत नाही. लहानपणी गुडघ्यावरची खपली खाजवून कुणी मार खाल्लेला नसतो? रत्नप्रभा डोळे मिटून ती खाज सोसत बसली. चेहरा असा, की तोंडात काही गोड विरघळतंय.

"मला नाही कधी खाजलं," चारू म्हणाली. "माझ्याकडं पट्टी होती तोवर नुसतं दुखलंच."

तिने ते सहज म्हटल्यासारखं म्हटलं. पण त्या आवाजातला काटा रत्नप्रभेने लगेच ओळखला. ती त्या काट्याबरोबर बरेच दिवस राहिली होती. तिने डोळे उघडले. चारू अंगणाकडं बघत होती, हाताला लागलेलं बेसन उगाच पुसत.

रत्नप्रभेने पदर सरकवला आणि खांदा तिच्यापुढं केला.

"खाजव."

"मी?"

"मग काय पवारकाकूंना बोलावू? तुझी नखं बरी आहेत. जरा खाली. अजून खाली."

चारू खाजवायला लागली. आधी भीत भीत, मग चांगली जोराने. तिच्या नखांनी खांद्यावर पांढऱ्या रेघा उठल्या. त्याचा उपयोग काहीच नव्हता. खाज खांद्यावर नव्हतीच. ती खाली, नव्या कातड्यात होती आणि तिथं कुणाचीच नखं पोचणार नव्हती.

"बरं वाटतंय?" चारूने विचारलं.

"वाटतंय," रत्नप्रभा म्हणाली. "थांबू नकोस."